शिलाई मशीन नंतर, आधी तिच्या नावाचा उतारा

रानजाई (शुक्रवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

८ मार्च जवळ आला की मला फोन यायला लागतात. "ताई, तुमच्याकडच्या एकल महिलांना शिलाई मशीन द्यायच्या आहेत, दहा नावं पाठवा." देणारे मनापासून देतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण २०२१ पासून मी नगर जिल्ह्यात, करोनात कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबांबरोबर काम करतेय आणि माझं एक मत आता पक्कं झालंय. पुढच्या महिन्यात कुठे राहायचं हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिला मशीन देऊ नका. आधी तिचं घर बघा. घर म्हणजे नुसते चार पत्रे नव्हेत. तिला कुणी "ऊठ" म्हणू शकणार नाही असं, कागदावर तिचं नाव असलेलं घर.

एकीची गोष्ट सांगते. तिला इथे आक्का म्हणू. नवरा चाकणला सेंट्रिंगच्या कामावर होता. मे २०२१ मध्ये गेला. तेव्हा आक्का एकोणतीस वर्षांची, मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. दोन पोरं आणि पत्र्याची एक पेटी घेऊन ती सासरी गावाकडे आली. तिथे दोन खोल्या, त्यात सासू, दीर-जाऊ आणि त्यांची तीन मुलं. तिला पडवी मिळाली. पहिल्या पावसात पडवी गळायला लागली, जावेशी पाण्यावरून वाजलं आणि ती तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत गेली. भाडं बाराशे. पुढच्या चौदा महिन्यांत तिने तीन खोल्या बदलल्या.

आता या तीन खोल्यांनी काय केलं ते बघा. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला होता. तेव्हा मुलामागे महिन्याला ११०० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये ते २२५० झाले. या अर्जात गृहचौकशी होते, म्हणजे माणूस घरी येऊन परिस्थिती बघतो आणि अहवाल देतो. तो माणूस आला जुन्या पत्त्यावर. "इथे राहत नाहीत" असा शेरा पडला आणि फाईल मागे आली. नाव सासऱ्याच्या रेशनकार्डावर, म्हणून धान्य गावाकडे जावेच्या घरात. मुलीची शाळा दोनदा बदलली, दुसऱ्यांदा दाखला आणायला उशीर झाला आणि सहामाही हुकली. बचत गटात नाव घातलं होतं, पण खोली गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर आठवड्याची बैठक चुकायला लागली, म्हणून गटाने नाव कमी केलं. गटाचंही चुकलं म्हणता येत नाही.

त्यातच तिला एका कार्यक्रमात मशीन मिळालं. शाल, नारळ, फोटो. मशीन खोलीवर आणलं तर घरमालक म्हणाला, मोटर लावायची नाही, वीजबिल कोण भरणार? पायाने चालवायला स्टँड नव्हता. दोन महिने ते मशीन पलंगाखाली चादरीत गुंडाळून होतं. तिसऱ्या खोलीची अनामत द्यायची वेळ आली तेव्हा तिने ते अडीच हजाराला विकलं. मला सांगताना ती रडली. आपण दान विकलं याची तिला लाज वाटत होती. मला मात्र आमचीच लाज वाटली, कारण नावांच्या यादीत तिचं नाव मीच दिलं होतं.

तेव्हापासून आम्ही क्रम बदललाय. कसा, ते सविस्तर लिहिते, पण आधी तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

ओसरी (शुक्रवार, रात्री १०.०५)

वाचतेय. मशीन पलंगाखाली ठेवल्याचं वाचून गलबललं. पुढचं लवकर लिहा.

सिंहगडपायथा (शुक्रवार, रात्री १०.५०)

रानजाई, हा धागा माझ्यासाठीच काढलाय की काय असं वाटलं. जानेवारीत आईचं वर्षश्राद्ध आहे. आई आयुष्यभर शिवणकाम करायची, त्यावर आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं झाली. म्हणून जेवणावळ न घालता दहा शिलाई मशीन द्यायचं आम्ही ठरवलंय. ७५ हजार बाजूला काढून ठेवलेत.

आता तुम्ही म्हणता तसं असेल तर या पैशांचं काय करावं? घर बांधून देण्याइतके तर हे पैसे नाहीत. आणि एक शंका. बाईच्या हाताला काम मिळालं तर घर ती स्वतः उभं करेल ना? आमच्या आईने तसंच केलं.

रानजाई (शनिवार, सकाळी ७.१५)

दादा, तुमच्या आईंना नमस्कार. एकच विचारते. त्या मशीन चालवायच्या ती खोली कुणाची होती?

सिंहगडपायथा (शनिवार, सकाळी ७.४०)

आजोबांची. वाड्यातली. भाडं द्यावं लागलं नाही कधी.

हं. लक्षात आलं.

रानजाई (शनिवार, सकाळी ८.३०)

आता आक्काचं पुढे काय झालं ते लिहिते.

पहिलं काम वारस नोंदीचं. गावातलं ते दोन खोल्यांचं घर आणि मागचं परडं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, सासऱ्यांच्या नावावर. सासरे २०१७ ला वारलेले. म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा त्यात हिस्सा होता आणि तो गेल्यावर आक्काचा आणि मुलांचा. पण कागदावर सासरेच जिवंत होते. गावोगाव हेच दिसतं. मयताचं नाव वीस-वीस वर्षं तसंच राहतं, कारण घरपट्टी भरली जाते आणि कुणाचं अडत नाही. अडतं ते फक्त विधवेचं.

मृत्यूचे दोन दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव. लिहायला एक ओळ लागली, करायला सात महिने. त्यातले पाच महिने दिराशी बोलण्यात गेले. तो वाईट माणूस नाही. त्याला भीती होती की ही आपला हिस्सा विकून माहेरी जाईल आणि परक्या माणसाची भिंत आपल्या भिंतीला लागेल. सासूला मध्ये घेतलं तेव्हा गाठ सुटली. म्हातारी एका संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या लेकाची पोरं भाड्यानं ऱ्हातात आन् मी हितं खाटंवर निजते, मला घास ग्वाड लागंना." परड्यातली पूर्वेची बाजू आक्काला द्यायची असं त्याच रात्री ठरलं. लेखी संमतीपत्र दुसऱ्या दिवशी करून घेतलं. रात्रीचं बोलणं सकाळी विरतं, म्हणून अजिबात वेळ घालवला नाही.

मग घरकुल. २०१८ ला झालेल्या आवास प्लसच्या, म्हणजे घरकुलासाठी केलेल्या पाहणीच्या, यादीत नवऱ्याचं नाव होतं, सासूने त्या वेळी सांगून ठेवलेलं. लाभार्थी मयत असेल तर वारसाच्या नावाने मंजुरी घेता येते, पण त्यासाठी वारस नोंद आधी झालेली हवी. झाली होती. २०२३ मध्ये मंजुरी आली. १ लाख २० हजार योजनेचे, १२ हजार शौचालयाचे आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी. त्या वर्षी मजुरीचा दर २७३ होता, म्हणजे साडेचोवीस हजार. जागा किमान २५ चौरस मीटर, २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून.

इथे दुसरी अडचण. पैसे हप्त्याने येतात. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. वाळूवाला आणि सिमेंटवाला हप्त्याची वाट बघत नाहीत. ज्याच्या घरात कमावता पुरुष आहे तो मधल्या काळात उसनवार करतो. विधवेला उसनं कोण देणार? ती जाते दर आठवड्याला वसुलीला येणाऱ्या हप्तावाल्यांकडे. अर्धवट जोत्याची जी घरकुलं आपल्याला रस्त्याने दिसतात, गवत उगवलेली, त्यातली कितीतरी अशीच अडकलेली आहेत.

म्हणून आम्ही एक फिरता निधी केला. आक्काला त्यातून ४० हजार बिनव्याजी दिले. हप्ता आला की तिने परत केले, पुन्हा लागले तेव्हा पुन्हा दिले. २०२४ च्या दिवाळीला तिने नव्या घरात दिवा लावला.

आता ती गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते, मानधन अडीच हजार. दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या होत्या, आता पाच आहेत. शेळी पाळायची तर दावं बांधायला जागा लागते, भाड्याच्या खोलीत ती कुठून येणार? रेशनकार्ड विभक्त झालं. बालसंगोपनची गृहचौकशी झाली, त्या वेळी ती उंबऱ्यात बसून वाट बघत होती.

सिंहगडपायथा, तुमच्या पैशांबद्दल नंतर सविस्तर लिहिते.

चावडी (शनिवार, दुपारी १.२०)

मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. बत्तीस वर्षं दप्तर सांभाळलं. रानजाई, तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे, पण धाग्याच्या शीर्षकावरून एक गैरसमज होऊ शकतो म्हणून लिहितो.

नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नव्हे. घरकुल, वीजमीटर, रहिवासी दाखला यासाठी तो चालतो आणि म्हणून तो आधी करून घेणं योग्यच. पण उद्या दिराची मुलं मोठी झाली आणि वाद निघाला तर नुसत्या नमुना ८ वर बाई टिकणार नाही. गावठाणात मिळकत पत्रिका, म्हणजे मालकी हक्काच्या नोंदीचा कागद, करून घ्या. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे. मोजणीनंतर हक्काची चौकशी होते, तेव्हा ज्याच्या नावाचा कागद समोर येतो त्याची नोंद होते. त्या दिवशी बाईने तिथे हजर राहिलं पाहिजे, आणि एकटीने नाही, दोन माणसं सोबत घेऊन. हा दिवस चुकला की पुढे अपिलात वर्षं जातात.

दुसरं, ज्यांना जागाच नाही त्यांच्याबद्दल. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुलासाठी जागा खरेदीला अर्थसाहाय्य मिळतं, आधी ५० हजार होतं, आता १ लाख. घरकुलाच्या योजनाही वेगवेगळ्या आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध असतील तर रमाई, आदिवासी असतील तर शबरी, भटक्या विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास. एका यादीत नाव नाही म्हणून माघारी फिरायचं नाही. मी सेवेत असताना कितीतरी बाया "यादीत नाव न्हाई" एवढं ऐकून गेटातूनच परत गेल्या. त्यांना थांबवून दुसरी यादी दाखवायला कधी कधी मलाही वेळ झाला नाही. ते आता खटकतं.

२०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने घरकुलाला ५० हजार वाढवून दिले आहेत, आणि घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचाही निर्णय झाला आहे. वाळूचा पास तहसीलमधून मागून घ्या. कुणी घरी आणून देणार नाही.

रानजाई (शनिवार, दुपारी २.००)

काका, मनापासून धन्यवाद. मिळकत पत्रिकेचं आम्ही तीनच घरांचं केलंय, बाकीच्यांचं राहिलंय. सोमवारपासून लागते.

काळाकोट (शनिवार, दुपारी ४.३५)

वकिली करते, कौटुंबिक आणि दिवाणी. तीन गोष्टी सांगते, कारण बायकांना यांच्याच भीतीने गप्प बसवलं जातं.

"सासरे आधी गेले की नवरा आधी गेला" यावरून खूप गोंधळ घातला जातो. सासरे आधी गेले असतील तर नवऱ्याला आलेला हिस्सा त्याच्या वारसांकडे, म्हणजे पत्नी, मुलं आणि आईकडे येतो. आई विसरू नका, सासूचाही त्यात वाटा असतो. नवरा आधी आणि सासरे नंतर गेले असतील तरी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा ही वर्ग १ ची वारस आहे. तेव्हा "तुझा नवरा बापाच्या आधी गेला, तुझा संबंध संपला" हे साफ खोटं.

पुनर्विवाहाचं. नवऱ्याकडून वारशाने आलेला हिस्सा बाईने पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं वय सव्वीस होतं, स्थळ चांगलं होतं, आणि घर जाईल या भीतीने ती दोन वर्षं नाही म्हणत राहिली. तिला कुणी इतकंच सांगितलं असतं तर!

आणि घरातून काढलं तर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी या खटल्यात हा हक्क विधवेलाही आहे हे स्पष्ट केलं. तिथे तर नवरा गेल्यावर ती बाई सासरच्या घरी प्रत्यक्ष राहतही नव्हती. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो, तिथून सुरुवात करता येते, वकील लागत नाही.

अर्थात रानजाईंनी सासूला मध्ये घेऊन जे केलं ते कोर्टापेक्षा चांगलं. माझ्याकडे येईपर्यंत माणसं एकमेकांचं तोंड बघत नसतात.

शेवंती (शनिवार, रात्री ९.१०)

मी स्वतः यातून गेलेय म्हणून लिहिते. माझा नवरा वारला नाही, सोडून गेला. नाशिकला होते तेव्हा, मुलगी तीन वर्षांची.

रानजाईताई, तुमचं म्हणणं गावासाठी पटतं, शहरासाठी अर्धंच पटतं. मला आधी काम मिळालं, मग घर. घर होतं कुठे? माझ्या नावाचा उतारा निघेल असा वीतभर तुकडा कुठेच नव्हता. शहरातल्या बाईचं घर म्हणजे अकरा महिन्यांचा करार. तो करार मला कुणी करून देईना. खोली आवडायची, भाडं परवडायचं, मग विचारायचे, "घरात पुरुषमाणूस कोण आहे?" कोणी नाही म्हटलं की "विचार करून सांगतो." सहा ठिकाणी हेच. सातव्या ठिकाणी जिच्याकडे मी पोळ्या लाटायला जायचे त्या काकू स्वतः घरमालकाकडे आल्या आणि म्हणाल्या, ही चार वर्षं माझ्या स्वयंपाकघरात आहे, हिची जबाबदारी माझी. तेव्हा किल्ली मिळाली. अनामत १५ हजार बचत गटातून काढली, दहा महिन्यांत फेडली.

नंतर मी डबे सुरू केले. आज बावीस डबे जातात. पण ते त्या खोलीत सुरू झाले, कारण तिथे गॅस ठेवायला ओटा होता आणि मालकाने आडकाठी केली नाही. त्या अर्थाने तुमचंच खरं.

माझं इतकंच मागणं आहे की शहरात काम करणाऱ्यांनी अनामत आणि हमी या दोन गोष्टींकडे बघावं. बाईकडे महिन्याचं भाडं असतं हो. एकदम पंधरा हजार नसतात, आणि "ही माझी ओळखीची" म्हणणारं माणूस नसतं.

ओसरी (शनिवार, रात्री ९.३०)

शेवंतीताई, किल्ली मिळवून देणाऱ्या काकूंसारखं होता आलं पाहिजे. आमच्या सोसायटीत एक फ्लॅट मोकळा आहे आणि मागच्याच महिन्यात एकट्या बाईला नको म्हणून ठरलं. मी बैठकीत गप्प होते. पुढच्या बैठकीत हा विषय मी काढणार आहे.

मानखुर्दकर (रविवार, सकाळी १०.१५)

मुंबईचा अनुभव थोडा लिहितो. उलट बाजू आहे, पण सांगायला हवी.

माझी आजी भायखळ्याला फुटपाथवर राहायची. १९८५ ला फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. कोर्टाने राहण्याची जागा पोट भरण्याच्या, म्हणून जगण्याच्या हक्काशी जोडली, पण नोटीस देऊन हटवता येईल असंही म्हटलं. त्या काळात स्पार्क संस्था आणि फुटपाथवरच्या बायकांनी मिळून महिला मिलन उभं केलं, जोकिन अर्पुतम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटनाही सोबत होती. आजी सांगायची, रोज संध्याकाळी एक बाई गल्लीतून फिरायची, कुणाकडून एक रुपया, कुणाकडून दोन, कुणाकडून काहीच नाही, पण दार सगळ्यांचं वाजवायची. पैशांपेक्षा कुणाच्या घरी काय चाललंय हे त्या फेरीत कळायचं. घर केवढं हवं हे ठरवायला बायकांनी साड्या आणि बांबू बांधून खऱ्या मापाची खोली उभी केली होती. उंची चौदा फूट हवी म्हणाल्या, म्हणजे पोटमाळा निघतो आणि पोरांना झोपायला जागा होते. इंजिनियरला हे सुचलं नसतं.

पुढे मानखुर्दला घरं मिळाली. पक्की भिंत, नळ, दरवाजाला कडी. आजी पहिली रात्र झोपलीच नाही, उठून उठून कडी लावून बघत होती.

पण रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांना नंतर उचलून मानखुर्द, वाशीनाक्याला आणलं, त्यांच्यातल्या अनेक बायकांची धुण्याभांड्यांची कामं तुटली. सकाळी सहाला दादरच्या घरी पोचायचं तर पोरांना कुणी उठवायचं? माहुलला तर हवाच अशी की २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. घर मिळालं आणि भाकरी गेली असं झालं की माणूस ते घर भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत येतो. मग लोक म्हणतात, "बघा, यांना घर दिलं तरी विकतात."

म्हणून आधी घर हे मान्य, पण ते कामाच्या चालण्याच्या अंतरावर हवं, आणि कुठे हवं हे त्या बाईला विचारून.

रानजाई (रविवार, दुपारी १२.४५)

मानखुर्दकर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडेही एकीचं घरकुल गावापासून दोन किलोमीटरवर माळावर होत होतं. जागा फुकट, पण बोअरला पाणी नाही आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्याला दिवा नाही. ती नको म्हणाली तर सगळे तिच्यावर चिडले, "मिळतंय ते घे." आम्हीही आधी तिची समजूतच काढत होतो. मग मी एका रात्री तिच्याबरोबर ते अंतर चालून गेले. परत येताना काही बोलले नाही. आता काकांनी सांगितलेल्या जागा खरेदीच्या योजनेतून गावातच अर्धा गुंठा बघतोय.

शेवंतीताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या डोळ्यांसमोर गाव होतं. शहरात उताऱ्याच्या जागी करार आणि वाळू-सिमेंटच्या जागी अनामत. क्रम तोच राहतो असं मला वाटतं, पण तुम्ही जगून सांगताय.

अजून एक, जे कुणी लिहिलं नाही. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० मिळतात, उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१ हजार आहे. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. पाच शेळ्या झाल्या की बाई घाबरते, कुणी तक्रार केली तर १५०० बंद होतील. कमाई लपवायची सवय लागते. तिला पायावर उभं राहायला सांगायचं आणि उभी राहिली की आधार काढायचा, हे बदलायला हवं. निदान दोन-तीन वर्षं दोन्ही चालू द्यावं. आम्ही तसं निवेदन दिलं आहे, पुन्हा देऊ.

चावडी (रविवार, दुपारी १.३०)

निवेदन ग्रामसभेच्या ठरावासह द्या. नुसत्या संस्थेच्या पत्राला वजन येत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत शासनाचं परिपत्रक निघालं. ग्रामसभेच्या ठरावात ताकद असते. माझं तर म्हणणं आहे, कुंकू-बांगड्यांचा ठराव ज्या गावांनी केला त्यांनी त्याच वहीत पुढचा ठराव करावा: गावातल्या प्रत्येक विधवेची वारस नोंद तीन महिन्यांत पूर्ण. मजकूर मी लिहून देतो.

रानजाई (रविवार, दुपारी १.५०)

काका, द्याच. आमच्या भागातल्या चार गावांत मांडून घेते.

सिंहगडपायथा, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ७५ हजारांत घर होत नाही, पण दोन अडकलेली घरं पूर्ण होतात. फिरत्या निधीत दिलेत तर आत्ता जोत्यावर थांबलेल्या दोन बायकांना मधल्या हप्त्यापुरते देता येतील. हप्ता आला की पैसे परत येतात आणि तिसरीला जातात. आतापर्यंत अकरा घरं अशी झाली. एक रक्कम बुडाली, तेही त्या बाईच्या मुलाच्या ऑपरेशनला लागले म्हणून, आणि ती आजही दिवाळीला पाचशे आणून देते. हिशेबाची वही गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचली जाते, तुम्हालाही पाठवीन. आणि जमलं तर एक दिवस या. पैशांइतकीच गरज तहसीलमध्ये बाईशेजारी बाकावर बसणाऱ्या माणसाची असते. ती एकटी असते तेव्हा "उद्या या", कुणी सोबत असलं की "बसा, बघतो." मी हे इतक्या वेळा बघितलंय.

सिंहगडपायथा (रविवार, रात्री ८.२०)

बहिणीशी आणि भावाशी बोललो. ६५ हजार निधीला देतो. बाकी दहाचं एक चांगलं मशीन, स्टँड आणि मोटरसह, आईच्या नावाने द्यावं असं बहिणीला फार वाटतंय. ज्या बाईचं घर झालंय अशाच एखादीला. चालेल का? आणि बुधवारी सुट्टी टाकतो, बाकावर बसायला येतो.

रानजाई (रविवार, रात्री ९.०५)

मघाशी आक्काला फोन लावला होता, दुसऱ्याच कामासाठी. सहज तुमच्या मशीनचं सांगितलं. क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, माझ्यासाठी इचारा. आता मीटर माझ्या नावावर हाये."

बुधवारी नक्की या. एकीच्या जोत्याचा फोटो काढायला अभियंता येणार आहेत, वाळू पडली आहे, सिमेंट मंगळवारी येतंय. साडेनऊपर्यंत तहसीलच्या दारात भेटू, डबा मी आणते.

सिंहगडपायथा (रविवार, रात्री ९.१५)

मशीन त्यांनाच. पत्ता पाठवा.

रानजाई (रविवार, रात्री ९.२०)

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. घर नंबरासकट.